विश्लेषण : जगातला सर्वोत्तम अल्बम कोणता, हे ठरवते कोण?

अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाने २००३ मध्ये सार्वकालिक ५०० सर्वोत्तम अल्बमची यादी काढली, तेव्हा बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ पहिल्या क्रमांकावर होता. त्याच नियतकालिकाने २०२० मध्ये नव्याने मतदान घेतले आणि पहिले स्थान मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला मिळाले. ‘सार्जंट पेपर्स’ थेट २४व्या क्रमांकावर घसरला. पुढे मे २०२४ मध्ये ‘अ‍ॅपल म्युझिक’ने आपली १०० अल्बमची यादी जाहीर केली. तिच्यात अव्वल ठरला ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. हाच अल्बम २००३ च्या यादीत ३१२व्या स्थानी होता. हे तिन्ही अल्बम २००३ पूर्वीचेच आहेत. मधल्या काळात त्यातील एक सूरही बदललेला नाही. मग बदलले काय?

तिन्ही याद्यांत नेमका फरक काय?

‘रोलिंग स्टोन’च्या २००३ च्या यादीसाठी २७३ जणांनी मत दिले होते. त्यात गायक-वादक, समीक्षक आणि संगीत व्यवसायातील मंडळी होती. प्रत्येकाने आपल्या आवडीचे ५० अल्बम क्रमवारीने लिहून द्यायचे आणि वरच्या क्रमांकाला जास्त गुण मिळणार, अशी पद्धत होती. निकालात पहिल्या दहांपैकी चार अल्बम एकट्या बीटल्सचे होते : पहिला, तिसरा, पाचवा आणि दहावा. बॉब डिलनचे दोन होते. उरलेल्या चार जागा बीच बॉइज, मार्विन गे, रोलिंग स्टोन्स आणि क्लॅश यांच्याकडे गेल्या. म्हणजे दहातले नऊ अल्बम गोऱ्या पुरुषांच्या रॉक संगीताचे, आणि तेही बहुतांश १९६० ते १९८० या दोन दशकांतले. २०१२ मध्ये यादीत थोडीफार भर पडली, पण पहिले दहा जागचे हलले नाहीत.

नियतकालिकाने २०२० मध्ये जुन्या मतांना हात न लावता कोरी पाटी घेतली. ३०० हून अधिक नवे-जुने मतदार निवडले. त्यात बियॉन्से, टेलर स्विफ्ट आणि बिली आयलिश यांच्यासारख्या अलीकडच्या गायिका होत्या, तशा स्टीव्ही निक्ससारख्या ज्येष्ठही होत्या. या वेळी पहिल्या दहांत बीटल्सचा एकच अल्बम उरला, ‘अ‍ॅबी रोड’, तोही पाचवा. जोनी मिशेलचा ‘ब्लू’ तिसऱ्या स्थानावर आला, स्टीव्ही वंडरचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ चौथ्या, प्रिन्सचा ‘पर्पल रेन’ आठव्या आणि लॉरिन हिलचा अल्बम दहाव्या स्थानावर. पूर्वीच्या यादीत नसलेले १५४ अल्बम नव्याने दाखल झाले. ‘अ‍ॅपल म्युझिक’च्या यादीत ही सरक आणखी पुढे गेलेली दिसते. लॉरिन हिलनंतर मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ आणि तिसऱ्या क्रमांकावर ‘अ‍ॅबी रोड’ आहे. शिवाय फ्रँक ओशन, केन्ड्रिक लमार, एमी वाइनहाउस आणि बियॉन्से यांचे २००० नंतरचे अल्बमही पहिल्या दहांत आहेत.

मुळात ‘अल्बम’ ही कल्पना आली कुठून?

सर्वोत्तम अल्बम निवडायचा, तर आधी अल्बम म्हणजे काय हे ठरले पाहिजे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच संगीत मावत असे. एखादी दीर्घ रचना ऐकायची तर पाच-सहा तबकड्या लागत. त्या पुठ्ठ्याच्या बांधणीत, फोटोंच्या अल्बमसारख्या पानापानांत घालून विकल्या जात. ‘अल्बम’ हे नाव तिथून आले. जून १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची ‘लाँग प्ले’ तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे सलग संगीत बसू लागले. बांधणीची गरज संपली, नाव मात्र राहिले.

या तांत्रिक सोयीतून पुढे एक कलाप्रकार तयार झाला. दोन बाजू, प्रत्येकी पाच-सहा गाणी, त्यांचा विचारपूर्वक लावलेला क्रम, वेष्टनावरचे चित्र आणि सगळ्यांतून मिळून सांगितलेली एखादी गोष्ट. आज ज्याला आपण ‘अल्बम’ म्हणून दाद देतो, तो हा प्रकार. त्यामुळे ‘सार्वकालिक सर्वोत्तम अल्बम’ या शब्दांतले ‘सार्वकालिक’ फार तर पाऊणशे वर्षांपुरते असते. लाँग प्लेच्या आधी गाऊन गेलेल्या कलावंतांना या स्पर्धेत जागाच नसते. ही उणीव झाकण्यासाठी यादीकार संकलनांचा आधार घेतात. २००३ च्या यादीत २१व्या क्रमांकावर असलेला चक बेरीचा ‘द ग्रेट ट्वेंटी-एट’ हा अल्बम म्हणून कधी रचलाच गेला नव्हता. त्याच्या सुट्या गाण्यांचे ते १९८२ मध्ये निघालेले संकलन आहे. हा अल्बम धरायचा की नाही, या एका निर्णयावर यादीतल्या अनेक जागा वरखाली होतात.

‘सार्जंट पेपर्स’ इतकी वर्षे पहिला का राहिला?

याचे एक उत्तर संगीतात आहे. ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सने जाहीर दौरे थांबवले. रंगमंचावर वाजवून दाखवता येईल असेच संगीत करण्याचे बंधन संपले आणि स्टुडिओ हेच त्यांचे वाद्य झाले. निर्माता जॉर्ज मार्टिन यांच्या मदतीने त्यांनी ध्वनिफिती उलट्या फिरवल्या, कापून जोडल्या, वाद्यवृंद आणला. १९६७ च्या उन्हाळ्यात हा अल्बम आला, तेव्हा वेष्टनावर गाण्यांचे शब्द छापलेले होते. रॉक संगीताच्या तबकडीबाबत ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती. ‘ग्रॅमी’चा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळवणारा तो पहिला रॉक अल्बम ठरला. पॉप संगीतही गंभीरपणे ऐकायची गोष्ट आहे, हे त्याने अनेकांच्या गळी उतरवले.

दुसरे उत्तर समीक्षेच्या इतिहासात आहे. ‘रोलिंग स्टोन’ची स्थापनाही १९६७ सालचीच. हा अल्बम ऐकत जी पिढी तरुण झाली, त्याच पिढीने पुढे रॉक समीक्षा हा व्यवसाय उभा केला, नियतकालिके चालवली आणि याद्याही काढल्या. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये पॉल गॅम्बाचिनी यांनी समीक्षकांची मते घेऊन पुस्तकरूपाने यादी केली, तेव्हाही ‘सार्जंट पेपर्स’च पहिला होता. एकदा पहिला ठरलेला अल्बम नव्या पिढीच्या हाती ‘हा ऐकलाच पाहिजे’ अशा शिफारशीसह येतो. तो जास्त लोक ऐकतात, त्यावर जास्त लिहिले जाते आणि पुढच्या मतदानात पुन्हा त्याचेच नाव आठवते. पहिला क्रमांक असा स्वतःची राखण स्वतःच करत राहतो.

मग ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पुढे कसा गेला?

मार्विन गे हा डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ कंपनीचा यशस्वी, देखणा, प्रेमगीते गाणारा गायक होता. त्याचा भाऊ व्हिएतनाम युद्धात लढून आला होता आणि तिथले अनुभव सांगत होता. शीर्षकगीताची मूळ कल्पना ‘फोर टॉप्स’ या गटातील ओबी बेन्सन याची. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे आंदोलक तरुणांवर पोलिसांनी केलेली कारवाई पाहून त्याला हे गाणे सुचले होते. कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी यांना असले राजकीय गाणे बाजारात आणणे धोक्याचे वाटत होते. तरीही जानेवारी १९७१ मध्ये ते निघाले आणि तडाखेबंद विकले गेले. मग त्याच वर्षी मे महिन्यात पूर्ण अल्बम आला. युद्धावरून परतलेला एक माणूस आपल्या गल्लीत पाहतो ती बेकारी, व्यसने, पोलिसी अत्याचार आणि निसर्गाची नासाडी, असा त्याचा विषय आहे. त्यातली नऊ गाणी एकात एक मिसळत जातात. सगळे मिळून जेमतेम ३५ मिनिटांचे काम.

२०२० ची यादी सप्टेंबरमध्ये आली. त्याआधी मे महिन्यात मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला होता आणि अमेरिकाभर निदर्शने झाली होती. त्यामुळे निकालाचा संबंध त्या वातावरणाशी जोडला जाणे साहजिक होते. परंतु केवळ त्या लाटेवर हा अल्बम वर आला, असे म्हणणे घाईचे ठरेल. २००३ च्या मतदारांनीही त्याला सहावे स्थान दिले होते. त्याच्या पुढच्या पाचांतले तीन अल्बम बीटल्सचे होते. मतदारांत रॉकवाल्यांचे प्रमाण घटले, तसा तो आपोआप वर सरकला. ५० वर्षांपूर्वीचा प्रश्न आजही शिळा झालेला नाही, हे त्याच्या बाजूने बोलणारे आणखी एक कारण.

मतमोजणीच्या पद्धतीचा परिणाम किती?

वाटतो त्याहून बराच. समजा १०० मतदारांपैकी ८० जणांना एकाच गटाचे संगीत सर्वांत जास्त आवडते, पण त्या गटाचे चार अल्बम तोडीस तोड आहेत. प्रत्येकाला २०-२० जणांनी पहिली पसंती दिली. दुसऱ्या एका गायकाचा एकच अल्बम सर्वांच्या मनात ठसलेला आहे आणि बहुतेकांनी त्याला दुसरे किंवा तिसरे स्थान दिले. गुणांच्या बेरजेत हा दुसरा अल्बम पहिला येऊ शकतो. निवडणुकीत मते फुटतात, तसाच हा प्रकार. प्रत्येकाला ५० नावे देता येत असल्याने ही फूट पूर्ण नसते, पण वरच्या क्रमांकांचे गुण मात्र वाटले जातात. बीटल्सच्या चाहत्यांत ‘सार्जंट पेपर्स’, ‘रिव्हॉल्व्हर’, ‘अ‍ॅबी रोड’ की ‘व्हाइट अल्बम’, हा वाद जुनाच आहे. मार्विन गेच्या बाबतीत तो तितका होत नाही. लॉरिन हिलचा तर स्टुडिओत केलेला एकल अल्बम एकच आहे. तिच्या चाहत्यांची मते फुटण्याचा प्रश्नच येत नाही.

याची सर्वांत बोलकी मिसाल म्हणजे बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’. बीटल्सचा ‘रबर सोल’ ऐकून भारावलेल्या ब्रायन विल्सनने १९६६ मध्ये तो केला आणि तो ऐकून पॉल मॅकार्टनीला ‘सार्जंट पेपर्स’ची ऊर्मी मिळाली. ‘रोलिंग स्टोन’च्या २००३, २०१२ आणि २०२० या तिन्ही फेऱ्यांत तो दुसराच राहिला. मात्र जगभरातील समीक्षकांच्या याद्या एकत्र करून गुणांकन करणाऱ्या ‘अ‍ॅक्लेम्ड म्युझिक’ या संकलनात हाच अल्बम वर्षानुवर्षे पहिल्या स्थानावर राहिला आहे. कारण कुणाच्या यादीत तो पहिला असो-नसो, पण तो जवळजवळ सगळ्यांच्या यादीत वर असतो. ‘सर्वांत जास्त लोकांचा सर्वांत लाडका’ आणि ‘कुणालाच न खटकणारा’ हे दोन वेगळे विजेते असू शकतात. कोणता हवा, हे मोजणीचा नियम लिहिणारा आधीच ठरवून टाकतो.

चित्रपटांच्या क्षेत्रातही हेच घडले. ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ नियतकालिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या मतदानात ‘सिटिझन केन’ १९६२ पासून अर्धशतक पहिला होता. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने त्याला मागे टाकले. २०२२ मध्ये मतदारांची संख्या ८४६ वरून १,६३९ वर गेली आणि शांताल अकरमन या दिग्दर्शिकेचा ‘जान डीलमन’ हा १९७५ चा चित्रपट अव्वल ठरला. तिथेही जुना वाद नव्याने रंगला : चित्रपटांचा कस बदलला की मतदारांचा चेहरा?

विक्रीचा आकडा हाच निकष का नको?

आकडे निर्विवाद वाटतात, पण प्रश्न तिथेही सुटत नाही. जगभरातील विक्रीत ‘थ्रिलर’ला तोड नाही. १९८२ च्या अखेरीस आलेला हा अल्बम सर्वाधिक खपाचा मानला जातो. परंतु खुद्द अमेरिकेत अधिकृत प्रमाणपत्रांच्या हिशेबात पहिला आहे तो ‘ईगल्स’चा गाजलेल्या गाण्यांचा संग्रह. २०१८ मध्ये त्याला ३८ वेळा ‘प्लॅटिनम’चे, म्हणजे ३ कोटी ८० लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले. तोही संकलनच. टिकून राहणे हा निकष लावला, तर पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ पुढे येतो. १९७३ च्या या अल्बमने ‘बिलबोर्ड’च्या २०० अल्बमच्या तक्त्यावर नऊशेहून अधिक आठवडे काढले आहेत. खप, टिकाऊपणा आणि प्रभाव या तीन कसोट्यांना तीन वेगळी उत्तरे मिळतात. शिवाय ‘पेट साउंड्स’ अमेरिकेच्या तक्त्यात दहाव्या क्रमांकाच्या वर कधी गेलाच नाही. केवळ खपावर निर्णय सोपवला असता, तर तो आज कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

मतदार कोण, हा मुद्दा इतका नाजूक का?

यादीतून मतदारांची ओळख उघड होते, म्हणून. २००३ च्या यादीत एकट्या गायिकेचा पहिला अल्बम शोधायला ३०व्या क्रमांकापर्यंत खाली उतरावे लागत होते. तो होता ‘ब्लू’. त्याच अल्बमला २०२० मध्ये तिसरे स्थान मिळाले. ‘रोलिंग स्टोन’चे सहसंस्थापक यान वेनर यांनी २०२३ मध्ये आपल्या मुलाखतींचे ‘द मास्टर्स’ हे पुस्तक काढले. त्यात निवडलेले सातही संगीतकार गोरे पुरुष होते. त्याबद्दल विचारले असता, स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलावंत आपल्या कलेविषयी तितक्या बौद्धिक पातळीवर बोलू शकत नाहीत, अशा आशयाचे विधान त्यांनी एका मुलाखतीत केले. त्यावर गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली आणि ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या संचालक मंडळातून त्यांना दूर करण्यात आले. दशकानुदशके ज्यांच्या नियतकालिकाने ‘महान कोण’ हे जगाला सांगितले, त्यांची निवडीची चाळणी कशी होती, हे या प्रकरणाने समोर आले.

म्हणून नवी यादी निर्दोष ठरते का? तसेही नाही. २०२० च्या यादीत नायजेरियाच्या फेला कुटीला आणि प्वेर्तो रिकोच्या बॅड बनीला स्थान मिळाले, पण २००३, २०२० आणि २०२४ या तिन्ही याद्यांच्या पहिल्या दहांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला एकही अल्बम नाही. ‘अ‍ॅपल म्युझिक’च्या यादीमागे तर एक स्ट्रीमिंग सेवा आहे, जिचा धंदाच लोकांनी अल्बम ऐकण्यावर चालतो. शिवाय ताज्या आठवणींचे पारडे नेहमीच जड असते. पंचवीस वर्षांपूर्वी साठच्या दशकावर लोभ असलेल्यांचे वर्चस्व होते. आज नव्वदच्या दशकात वाढलेली पिढी मत देण्याच्या वयाला आली आहे. एका पिढीचा पक्षपात जाऊन तिथे दुसऱ्या पिढीचा येतो.

भारतीय आणि मराठी संगीताचे काय?

या अल्बमच्या इतिहासात भारत अगदीच अनुपस्थित नाही. ‘सार्जंट पेपर्स’मधील जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यात लंडनमधील भारतीय वादकांनी दिलरुबा, तबला आणि तंबोरा वाजवला आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला आणि ‘एचएमव्ही’च्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमच्या काही भागांचे ध्वनिमुद्रण केले. त्यात संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि सरोदवादक आशिष खाँ सहभागी होते. १९७१ च्या ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’च्या ध्वनिमुद्रणाला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ‘ग्रॅमी’ मिळाले, त्या सन्मानात रविशंकरही वाटेकरी होते. म्हणजे वादक म्हणून आपण दिसतो. ‘महान अल्बम’चा मानकरी म्हणून मात्र क्वचितच.

त्याचे कारण केवळ दुजाभाव नाही. आपल्याकडे गाणे पोहोचले ते मुख्यतः चित्रपटातून, रेडिओवरून आणि मैफलीतून. चित्रपटाच्या तबकडीवर गाण्यांचा क्रम कथेने ठरतो, आणि ती तबकडी गायकाची, संगीतकाराची की गीतकाराची, याचे एक उत्तर नाही. ‘टाइम’ने २००५ मध्ये ए. आर. रहमान यांच्या ‘रोजा’ला दहा उत्कृष्ट चित्रपट-ध्वनिमुद्रिकांत बसवले, तेही चित्रपटसंगीताच्या वेगळ्या यादीत. रागसंगीताची तर गोष्टच निराळी. तिथे मैफल खरी आणि मुद्रिका ही तिची आठवण, अशीच अनेक रसिकांची धारणा आहे. तरी अल्बम म्हणूनच रचलेली कामे आपल्याकडेही झाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस वेळेनुसार बदलणाऱ्या रागांतून उलगडतो. त्यात तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. हा अल्बम १९६७ चा आहे, म्हणजे ‘सार्जंट पेपर्स’च्याच वर्षातला.

मराठीत हा प्रश्न आणखी रंजक होतो. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. एक कथासूत्र, ठरलेला क्रम, प्रत्येक गीताचा वेगळा बाज : पाश्चात्त्य समीक्षक ज्याला ‘संकल्पना अल्बम’ म्हणतात, त्याच्या सर्व अटी ते पूर्ण करते. पण ते तबकडीवर नव्हे, रेडिओवर जन्मले. आकाशवाणीवर ते अनेक गायकांनी गायले आणि नंतर बाबूजींच्या आवाजातल्या मुद्रिका घराघरांत पोहोचल्या. मग अल्बम कोणता धरायचा? त्या मानाने १९७४ चा ‘शिवकल्याण राजा’ या व्याख्येत अलगद बसतो. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त हृदयनाथ मंगेशकरांनी समर्थ रामदास, भूषण यांच्यापासून आधुनिक कवींपर्यंतच्या रचना एका सूत्रात गुंफल्या आणि लता मंगेशकर यांनी त्या गायल्या. उद्या कुणी मराठीतल्या सर्वोत्तम अल्बमची यादी करायला बसले, तर पहिला वाद क्रमांकाचा होणार नाही. कशाला अल्बम म्हणायचे, यावरच तो होईल. आणि व्याख्या परकीच ठेवली, तर आपले सर्वांत लोकप्रिय काम नियमातच बसत नाही म्हणून बाहेर राहील.

स्ट्रीमिंगच्या काळात अल्बमला अर्थ उरला आहे का?

हिशेबापुरता तरी उरला आहे, पण तो ताणून. ‘बिलबोर्ड’ने डिसेंबर २०१४ पासून अल्बमच्या तक्त्यात स्ट्रीमिंगचीही गणना सुरू केली. तेव्हाच्या नियमानुसार एखाद्या अल्बममधील गाणी १,५०० वेळा ऐकली गेली, की एक अल्बम विकला गेला असे धरले जाई. एकच गाणे १,५०० वेळा वाजले तरी अल्बमच्या खात्यात एक प्रत जमा. अशा हिशेबात जास्त गाणी भरलेला अल्बम फायद्यात राहतो, आणि ३५ मिनिटांत आटोपणारा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ तोट्यात.

दुसरीकडे कलावंतांनी अल्बमचा हट्ट सोडलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘३०’ हा अल्बम आणताना अ‍ॅडेलने गाण्यांचा क्रम आपण विचारपूर्वक लावतो, तो श्रोत्यांनी तसाच ऐकावा, असा आग्रह धरला. त्यानंतर ‘स्पॉटिफाय’ने अल्बमच्या पानावरील, गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारे बटण मुख्य जागेवरून काढले. सर्वोत्तम अल्बमच्या याद्यांकडेही या नजरेने पाहता येते. सुट्या गाण्यांच्या महापुरात ‘हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐका’ असे सांगणारी जागा आता फारशी उरलेली नाही. अशा याद्या ते काम करतात.

मग अशी यादी वाचायची कशी?

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणून या याद्या मोडीत काढणे सोपे आहे. पण त्यांचे परिणाम खरे असतात. वरच्या क्रमांकाचे अल्बम पुन्हा छापले जातात, त्यांच्या मूळ ध्वनिफिती स्वच्छ करून घेतल्या जातात, त्यांच्यावर पुस्तके आणि माहितीपट होतात, संगीताच्या अभ्यासक्रमात ते शिकवले जातात. यादीबाहेर राहिलेले हळूहळू बाजारातून आणि मग आठवणीतून जातात. जतन कशाचे होणार आणि धूळ कशावर साचणार, हे अंशतः या क्रमांकांवर ठरते. म्हणून मतदार कोण, हा केवळ रसिकांच्या वादाचा विषय नाही.

कोणतीही नवी यादी हाती आली, की क्रमांक पाहण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. मते कुणी दिली? अल्बम कशाला म्हटले? गुण कसे मोजले? आणि यादी काढणाऱ्याचा त्यात काय फायदा? या चार उत्तरांत निकालाचा मोठा भाग आधीच दडलेला असतो. त्यानंतरही जे अल्बम मतदार बदलले, नियम बदलले, पिढी बदलली तरी वरच्या पायऱ्यांवर टिकून राहतात, त्यांच्यात काहीतरी आहे, असे खुशाल समजावे. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहावा होता, पहिला झाला. ‘पेट साउंड्स’ तीनदा दुसरा आला. ‘अ‍ॅबी रोड’ २००३ मध्ये १४वा होता, पुढे पाचवा आणि दुसऱ्या यादीत तिसरा झाला. यांतला सर्वोत्तम कोणता, हे कोणतीही यादी सिद्ध करू शकत नाही. पण आधी कोणते ऐकावेत, हे सांगायला ती पुरेशी आहे. ऐकून झाल्यावर आपला क्रम आपण लावावा.